उघडमीट

कुरामोची आता सत्तरीला टेकलेत.
ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी, अंधारातच,
हिरोशिमा मागं टाकून घाट चढतात
आणि गाड्यांच्या मेळ्यात कडेची एक जागा धरतात,
जिथून सगळं ऐकू येतं.

त्यांना इथं कुणी ओळखत नाही. बरंच आहे.
बत्तीस वर्षं ते मातीत होते,
शेतातल्या नव्हे, कारखान्यातल्या,
ऊन करून सांगाड्यावर थापायच्या तपकिरी मातीत.
दिव्याची खोबण, चाकावरची कमान:
आधी तळहात, मग पट्टी,
मग पुन्हा तळहात, कारण पट्टीला लाज नसते.

पहिल्या पिढीच्या गाडीला पापण्या होत्या.
दिवा लावला की डोळे वर यायचे,
विझवला की बेडकासारखे आत.
पोरं एकच डोळा उचलून पोरींना खुणावत.
माणसं त्या गाडीला नावानं हाका मारत.

दुसऱ्या पिढीत पापण्या गेल्या.
वजन, खर्च, कायदा: वरून तीन शब्द आले
आणि कुरामोचींच्या वाट्याला
कायमचे उघडे दोन डोळे.
अकरा महिने लागले.
त्याच साली धाकटी लेक बोलायला लागली;
तिचा पहिला शब्द त्यांना बायकोकडून कळला.

मग मेळा.
"हा काय, मासा?"
"बर्फावर मांडलेला."
"आत्मा गेला हो गाडीचा."
शिगेमुने नावाचा दंतवैद्य तर
दंडाला काळी फीत बांधून आला होता.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
इथं नऊ मिनिटंही नाहीत.
कुरामोचींनी डब्यातली कॉफी संपवली,
रिकामा डबा तसाच हातात धरून घाट उतरले.

तिसरी आली. जरा रुंद, हनुवटीला जड.
शिगेमुने म्हणाला, "सुटली. दुसरी निदान सडपातळ होती."
निदान!
तो एक शब्द कुरामोचींनी खिशात घालून घरी नेला.

चौथी आली डोळे बारीक करून.
रागावलीय, कुणी म्हणालं. झोपमोड झालीय, दुसरं.
आणि तिसरीचे कैवारी
कुठल्या बिळातून निघाले कळेना.
मेलेल्या म्हशीला मणभर दूध.
हे सगळ्या घाटांवर असंच असावं.

एका वर्षी नागिसा भेटली, इस्पितळात शिकाऊ नर्स.
दुसऱ्या पिढीची हिरवी गाडी, हिच्याआधी दोन मालक झालेले.
पिवळट दिवे टूथपेस्टनं घासत बसली होती.
"हिचे डोळे बघूनच घेतली," म्हणाली,
"मिटत नाहीत ना.
रात्रपाळी संपवून बाहेर आले
की पार्किंगमध्ये कुणीतरी जागं असतं."
कुरामोचींच्या ओठांवर काहीतरी आलं.
मग एवढंच म्हणाले,
"कोरडं घासू नका. ओरखडे पडतील."

आणि या वर्षी, दोरीपलीकडे, पाचवी.
इंजिनाचा आवाज नाही.
दिव्यांच्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत
उजेडाची एक रेघ.
डोळेच नाहीत.
कुरामोचींच्या तोंडून निघून गेलं:
"आत्मा..."
शेजारच्या शिगेमुनेनं वळून मान डोलावली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या मानेनं ते ओशाळले.
दोरीखालून वाकून आत गेले, गुडघे वाजले,
आणि चाकावरच्या कमानीवर तळहात ठेवला.
कमान उतरते तिथं, बोटभर जागेत,
पत्रा किंचित थबकतो.
डोळ्याला दिसत नाही.
यंत्राला सुचत नाही.
इथं कुणाचा तरी हात पुष्कळ वेळ थांबला होता.

त्यांनी मान वर केली.
कडेच्या जागेवर, जिथून सगळं ऐकू येतं,
तिशीतली एक बाई उभी होती,
हातात कॉफीचा रिकामा डबा,
नखांच्या कडा तपकिरी.