तेविसावी बशी

दाल्वानिराने झाकण उघडलं,
बुरशी पांढरीच.
गुबगुबीत, कापसासारखी,
पोटभर जेवून लोळणारी.
दहाव्या दिवशी ती हिरवी व्हायला हवी होती,
शेवाळी हिरवी, बोटाला लागेल अशी.

अलागोआसमधली पत्र्याची शेड.
वाफवलेल्या तांदळाच्या पिशव्या रांगेत गार होताहेत.
गुरुवारी ट्रॅक्टर येणार,
चारशे हेक्टर उसावर फवारायचंय हे मरण,
आणि मरणालाच आळस भरलाय.

"वाण बदललं का गं?" मुकादम जिल्सोन विचारतो.
नाही. अक्षरन् अक्षर तेच आहे.

वंश लिहा,
आणि वरचं टिंब पुसा.
व जागेवर, श जागेवर,
उरतं ते वश.

तसंच काहीसं.
रिळावर गुंडाळलेला लांबच लांब धागा,
कुठे सैल, कुठे करकचून;
करकचलेलं वाचता येत नाही, एवढंच.
कवच कुठून फोडायचं,
रक्तात शिरल्यावर ओळख लपवायला
अंगावरचा कोट कसा बदलायचा,
सगळं लिहिलेलं आहे अजून,
आतल्या आत, मिटलेलं.

तेवीस वेळा बशीतून बशीत.
बटाट्याचं पाणी, साखर, अठ्ठावीस अंश,
ना ऊन, ना कुणी झुंजणारं.
कशाला आठवेल?

तिचे वडील ओतासिलिओ, एकेचाळीस हंगाम ऊस तोडलेले.
पेन्शन लागली, दोन वर्षांत हाताचे घट्टे गळून पडले.
नाताळात नातवासाठी एक कांडं तोडायला गेले
तर कोयता सटकला. तीन टाके.
जखमेकडे नाही, त्या मऊ तळव्याकडे
ते बघत राहिले, कुणा परक्याचा असावा तसे.

पहाटे ती फडात जाते, गुडघे टेकते.
उसाच्या मुळाशी थुंकीसारखा फेस,
फेसात पिलू, रस पिणारं.
बारा वेचते. डब्यात ठेवते.
उरलीसुरली कमजोर भुकटी पाण्यात कालवून
त्यांच्यावर शिंपडते, आणि
"माफ कर" असं कुणाला तरी म्हणते,
बुरशीला की किड्याला, तिचं तिलाच ठाऊक.

नऊ जण मजेत पीत राहिले.
दोन मेले, पण नुसतेच मेले, काळे पडून.
एक उरला.
आठव्या दिवशी त्याच्या पायाच्या सांध्यातून
आधी पांढरं, मिठाच्या कणाएवढं.
मग दुपारी, ती डबा खात असताना,
हिरवं.

सुई जाळून, निववून
तिने ते हिरवं टिपलं, नव्या बशीत टेकवलं.
झाकणावर चोविस लिहायला पेन उचललं,
थांबली,
आणि लिहिलं: १.

गुरुवार केव्हाच होऊन गेला होता,
ट्रॅक्टर रिकामा परतलेला,
जिल्सोन अजून बोलत नव्हता तिच्याशी.
पेटीत त्या किड्याचा एक पाय
उसाच्या सालीला
घट्ट धरून होता.