रकाना सतरा

रकाना सतरा : परिसरातील झाडे, जिवंत.
मागच्या फायलीत आकडा दोन हजार चारशे.
त्यात दोनशे मिळवून टाईप करायचं,
दरवर्षी करतो तसं,
आणि बशीतला चहा संपवायचा.

खड्डा एकच असतो, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक.
ग्रंथालयासमोरचा. फोटोत मागे अंजनेरी येते म्हणून.
जूनमध्ये कुलगुरू त्यात माती लोटतात,
माती कसली, मुरूमच.
डिसेंबरात निफाडकडून थंडी येते,
मार्चमध्ये शेळ्या,
मेमध्ये खड्डा पुन्हा उमेदवारीला उभा.

यंदा मात्र शेवटच्या वर्षाची एक मुलगी,
आश्लेषा पेखळे, गाव जाखोरी, हजेरी बेताची,
माझ्या टेबलाशी बादली घेऊन उभी राहिली.
निळी बादली, कडी एका बाजूने निखळलेली.
म्हणाली, सर, टाकीखालचा व्हॉल्व्ह
अकरा मिनिटांत ही भरतो.
दिवसाला एकशे एकतीस बादल्या.
रात्री दोनदा उठून पाहिलं, रात्रीही तेवढंच.
आणि हॉस्टेलला आम्ही दिवसाआड आंघोळ करतो.

मी म्हणालो, अर्ज कर.
तिनं आणलाच होता.
तीन प्रतींत.

टाकीमागे मी अठरा वर्षांत गेलो नव्हतो.
कमरेएवढं अळू.
चिखलात मुंगसाची पावलं, ताजी.
आणि एक उंबर,
आमच्या दोन मजली कचेरीच्या वर गेलेला,
खोडाला पत्र्याची पाटी :
‘वृक्षारोपण, शुभहस्ते’,
पुढचं नाव सालीनं गिळलेलं.

बेंडकुळे पंपवाल्यानं विडी पाठीमागे धरली.
गळत नाही साहेब ते, म्हणाला,
अर्धा आटा मीच ढिला ठेवतो.
त्या साली दोनशे लावली होती तुम्ही.
मला एकालाच पुरवता आलं.

कोणी काही बोललं नाही.
वरून एक पिकलं उंबर पडलं, थेट बादलीत.
पोरीनं ते उचललं, फोडलं,
आतली चिलटं उडून जाऊ दिली,
आणि वहीत गुणाकार केला होता
त्या पानाकडे बघत बसली.
हिशेब बरोबर होता. तोच घोटाळा.

मग तीच म्हणाली,
कॅन्टीनचं मशीन एक ग्लास शुद्ध करायला
तीन ग्लास मोरीत सोडतं. खारट असतं जरा.
बेंडकुळे म्हणाला, उंबराला काय,
तो काय पाहुणा आहे?
ती म्हणाली, तरी तपासते आधी.

चाळीस मीटर पाईप लागणार होता.
खरेदी समितीला तीन कोटेशनं लागतात
आणि समितीला बसायला दिवाळी लागते.
म्हणून रविवारी आम्ही
प्रशासकीय इमारतीपुढच्या लॉनचा पाईप उपटला.
आम्ही म्हणजे ते दोघं.
मी फक्त कुलपाची किल्ली विसरून गेलो होतो,
दारातच.

व्हॉल्व्ह आवळताना बेंडकुळे काही बोलला नाही.
पान्हा ठेवला, हात पँटीला पुसले,
कोरडे होते तरी.

आता लॉन पिवळं पडलंय
आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय.
देईन. घाई नाही.
सध्या संध्याकाळी साडेपाचनंतर
मी आणि पेखळे खडू घेऊन फिरतो,
जिवंत झाडाला एक पांढरी रेघ.
नखानं साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर रेघ,
नाही तर पुढे.
करंज बरेच निघाले. गुलमोहर फसवतात.
पार्किंगमागे तिला एक पळस सापडला,
कोणी लावलेला नाही, कुठल्याच यादीत नाही.
तो धरायचा का, यावर आमचं भांडण झालं.

काल अंधार पडेपर्यंत तीनशे बारा झाले.
समिती गुरुवारी येतेय.
बायको विचारते, शर्टाच्या बाहीला रोज खडू कसा,
तू काय शिकवायला लागलास की काय?