फक्की

नऊ बाय अठरा.
आधी खिळे, मग सुतळी, मग फक्की.
बावीस वर्षं हा एकच चौकोन काढतोय मी
कॉलेजमागच्या काळ्या मातीवर,
आणि रोज संध्याकाळी पोरी तो बुटांनी पुसून टाकतात.

जुलैत चाचणीला एकतीस जणी आल्या.
हत्तुरे मॅडमनी अकरा ठेवल्या.
बारावी आपणहून थांबली,
अंबुजा गुंडेटी, उंची चार फूट अकरा.
म्हणाली, मी बॉल आणून देत जाईन.
आठवडाभरात सगळ्यांच्या लक्षात आलं,
हिच्याकडे गेलेला बॉल भुईला लागतच नाही.
लिबेरो झाली. तिचा शर्ट निराळ्या रंगाचा लागतो.
बापाने शिवला, कारखान्यात उरलेल्या
लाल टॉवेलच्या कापडाचा.
उकडत नाही का गं? विचारलं.
घाम पितोय की, मामा.

श्रीलता येमूलची बोटं बघावीत.
आईबरोबर बसून शाळेपासून विड्या वळलेली,
पान न फाटता दोरा आवळणारी.
त्याच दहा बोटांवर ती बॉल
क्षणभर थांबवते. थांबवते म्हणजे थांबवत नाही,
पंचाला तसं दिसून चालत नाही.
समोरच्या दोघी डावीकडे उडतात
आणि बॉल उजवीकडून घरी पोचलेला असतो.

ऑक्टोबरात, सांगोल्याला निघायच्या आदल्या रात्री
जाळं फाटलं.
पॉवरलूमवरून सुताचा कोन मागून आणला,
मी आणि तहुरा बागवान गाठी मारत बसलो.
तिची गाठ माझ्याहून घट्ट.
कुठं शिकलीस?
कांद्याच्या गोण्या, म्हणाली, आणि दाताने सूत तोडलं.

बार्शी तीन सेटमध्ये. मंगळवेढा तीन सेटमध्ये.
सांगोल्याने चौथा खेळायला लावला, तेवढंच.
परतताना गाडीत कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि महानंदा बिराजदार, आमची कॅप्टन,
जिंकल्यावरही खिडकीकडे तोंड करून
चुकलेल्या सर्व्हिस बोटांवर मोजत होती.

मग डिसेंबर, राजस्थान, पश्चिम विभाग.
पहिल्यांदाच छताखाली.
लाकडाची चकचकीत फरशी,
रेषा आधीच चिकटवलेल्या.
मला काम नव्हतं. पाण्याच्या बाटल्या धरून उभा राहिलो,
हातांना काय करावं कळेना.

उपउपांत्य. पाचवा सेट. तेरा-चौदा.
अंबुजा टेबलाखाली घुसून बॉल काढते,
श्रीलता मागं न बघता मागं देते,
महानंदा हवेत जाते,
तिच्या हाताचा आवाज माझ्या छातीत लागतो.
बॉल पडला कोपऱ्यात.
निशाण वर गेलं.
बाहेर.

कुणी काही बोललं नाही. मॅडमसुद्धा.
चिकटवलेली रेषा साक्ष देत नाही,
गुळगुळीत असते, तोंड मिटून पडून राहते.
आमच्याकडे फक्की उडाली असती.

सोलापूर आलं पहाटे चारला.
पाण्याची पाळी होती, चार दिवसांनी.
महानंदाला सोडायला गल्लीपर्यंत गेलो,
तर ती खांद्यावरची बॅग न काढता
नळाला पाइप जोडून पिंपाशी उभी.
शेजारीण म्हणाली, अगंबाई, गावाला गेलीवतीस होय?
व्हय, म्हणाली.

सोमवारी मैदानावर कुणी येणार नव्हतं.
तरी खिळे ठोकले, सुतळी ताणली.
फक्की जरा जास्तच सोडली त्या कोपऱ्यात.

साडेपाचला सायकल वाजली.
ती एकटीच. जाळ्यापाशी गेली,
बॉल आपणच वर फेकला,
आपणच मारला.
पुन्हा.
पुन्हा.
सातव्यांदा कोपऱ्यातून
पांढरं उडालं, कमरेएवढं,
आणि उन्हात थोडा वेळ तसंच राहिलं.

बघितलंत का, मामा?

आत, म्हणालो मी.