बावीस मे

वाल्दिव्हियाच्या आमच्या रेडिओवर पावणेआठला दिनविशेष.
आधी जन्म, मग मृत्यू, मग इतर काहीबाही,
आणि शेवटी जळाऊ लाकडाची जाहिरात.
सव्वीस वर्षं मीच वाचते.

अठराशे तेरा : लाइपझिगला एक संगीतकार जन्मला,
पुढे त्यानं लोकांना पाच-पाच तास खुर्चीत बसवून ठेवलं.
एकोणीसशे सहा : दोन भावांना उडत्या यंत्राचं पेटंट.
बहात्तर : सिलोनची श्रीलंका झाली.
ऐंशी : जपानात एक पिवळं तोंड
पडद्यावरचे ठिपके गिळू लागलं,
त्यापायी पुढे माझ्या मुलानं शाळा बुडवली.
नव्वद : दोन येमेनांचं एक.

मधली एक ओळ मी घाईनं वाचते.
साठ, रविवार, दुपारी तीन वाजून अकरा.
ती कुणाला सांगायची?
इथल्या जमिनीलाच ती तोंडपाठ.

आधी एक धाकटा धक्का आला होता, शहाणा,
सगळ्यांना हाताला धरून त्यानं घराबाहेर काढलं.
आईला अंगणात, सफरचंदाखाली, कळा लागलेल्या.
ओतिलिया वेन्चुमान म्हणाली,
बाळाला गुंडाळायला काही आहे का गं?
आन्सेल्मो सहा वर्षांचा.
घोंगडी आणायला आत गेला.

मग मोठा आला.

आजवर मोजलेल्यांत सगळ्यात मोठा, असं कागद म्हणतो.
आई म्हणायची, जमीन कणकेसारखी मळली कुणीतरी,
आणि मळणाऱ्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.
मी तीन-बाराला झाले की तीन-वीसला,
कोण बघत बसलंय.

नोंदणी कार्यालय पडलेलं.
कारकून चौकात टेबल टाकून बसला,
एकच वही हाती लागलेली, ती मांडीवर.
वरच्या ओळीत तो. खालच्या ओळीत मी.
आधी मृत्यू, मग जन्म.

दर वाढदिवसाला सकाळी स्मशान, संध्याकाळी केक.
फुलांचे देठ कापलेला चाकूच धुऊन टेबलावर.
आईनं मला कधी बोल लावला नाही.
फक्त घोंगडी हा शब्द तिनं टाकला.
थंडी वाजली की म्हणे, ते घे गं, ते लोकरीचं.

या वर्षी मधल्या ओळीवर माझी जीभ अडली.
माइक चालू. चार सेकंद. पाच.
मग मी कागदावर नसलेलं वाचलं :
आन्सेल्मो, वय सहा, घोंगडी आणायला गेला होता.

फोन वाजायला लागले.

कोराल बंदरावरचे एक आजोबा :
समुद्र मागे हटला तेव्हा मी उघड्या तळावर मासे वेचत होतो,
बापानं कान धरून टेकडीवर ओढलं.
अजून डावा कान लांब आहे, लिहा.
निएब्लाची एक बाई :
त्र्याऐंशी साली, आजच, नवरा मीठ आणायला गेला.
मृत्यूंत घालू नका. इतरमध्ये घाला.
एक पोरगी, शाळेच्या बसमधून, हळू आवाजात :
आज मला सोळावं लागलं,
जन्म आधी असतात ना, मग माझं कुठाय?
आणि एक माणूस नुसताच श्वास घेत राहिला,
त्यानं काही सांगितलं नाही, मी ठेवलाही नाही.

तांत्रिक खोलीतून फेलिसिंदो काचेवर बोट आपटत होता.

त्या दिवशी शहरापलीकडची कुरणं खचली,
कुठे कुठे दोन मीटर. नदी आत शिरून बसली ती बसलीच.
मग काळ्या मानेचे हंस आले.
पिलं पाठीवर घेऊन फिरतात, आपलीच जागा असल्यासारखे.
ते कधी आले, मी पुष्कळांना विचारलंय.
कुणी म्हणतं बासष्ट, कुणी सत्तर.
तारीख कुणीच टिपलेली नाही.

शेवटचा फोन लाकडाच्या वखारीचा :
बाई, आमची जाहिरात राहिली.
म्हटलं, उद्या दोनदा वाचीन.