चार इंचांचं भोक

एसी चांगलाय, इर्शाद म्हणाला,
पण तो तुमचीच हवा तुम्हाला परत वाढतो.
मीटरवर आकडा अठराशे.
म्हणजे रात्रभर आम्ही दोघं
एकमेकांचा उष्टा श्वास घेत होतो.

हे दुसरं यंत्र
निघालेल्या हवेचा गारवा दारातच काढून घेतं,
येणारीच्या हाती देतं.
दोन्ही जोडीनं चालवा.

पण भोक कुठे पाडायचं?
पूर्वेला देवनारचा धूर,
रस्त्याकडे नव्या टॉवरचं सिमेंट.
उरली मागची भिंत, हातभर पलीकडे
सालढाणांचं स्वयंपाकघर.

"फिल्टर धूळ अडवतो, साहेब. वास नाही."

सुनेत्राला त्या तापानंतर
तीन वर्षं कसलाच वास येत नाही.
तिनेच पेन्सिल घेतली,
मागच्या भिंतीवर गोल काढला:
इथे.
त्यांच्याकडे काय तळतायत
ते मला सांगत जा.