तेल लावलेले धागे

यास्ना, हा नमुना हातात धर.
मधे अरुंद, टोकांना पसरट,
कुत्र्याने चघळून टाकलेल्या हाडासारखा.
सिमेंट, राख, बारीक रेती,
शंभरात दोन भाग केसांहून बारीक धागे.
खडी नाहीच.

सकाळी याला सावकाश ओढलं.
यंत्र चालू आहे की बंद, कळेना.
चाळीस मिनिटं.
मी दोनदा माते पिऊन आलो.
मग स्पिरिट फवारलं.
ओल उडत गेली तशी एक रेघ उमटली,
तिच्या शेजारी दुसरी,
मोजता मोजता साठ झाल्या,
आणि एकीतही नख शिरेना.
सिमेंट, पोरी, आणि लांबलं!

दुपारी त्याचा जुळा भाऊ,
त्याच घाण्यातला, तितकेच दिवस पाण्यात मुरलेला.
झटक्यात ओढला.
डोळ्याआधी कानाला कळलं.
एकच भेग, आरपार.
तिच्या काठावर तुटके धागे,
दोन दिवसांच्या दाढीसारखे.

तो कमजोर होता असं लिहू नकोस.
ताकदीचा आकडा सकाळपेक्षा मोठाच आलाय, बघ.
फक्त त्याला लांबायला जमलं नाही.
हळू ओढलं की धागा घसरतो, थोडा सुटतो,
तेवढ्यात शेजारचा भार उचलतो.
घाईत सिमेंट त्याला आणखीच घट्ट धरतं.
इतकं घट्ट
की त्याला तुटण्यावाचून गत्यंतर नाही.

माझी आई अकरा वर्षं विसरत गेली.
आधी गॅस, मग रस्ता, मग मी.
घरातले सगळे बारीक बारीक तडकलो,
जेवायला मात्र एकत्र बसत राहिलो.
ओक्ताविओचा तर नुसता फोन आला,
तालकाउआनोच्या धक्क्यावरून, पहाटे, तीन शब्द.
वडिलांनी रेडिओ बंद केला
तो बंदच.

इथली जमीन दोन्ही तऱ्हांनी ओढते.
रोज, नखं वाढतात तितकीच.
आणि एखाद्या रात्री
कपाटातली सगळी भांडी एकदम बाहेर.

पुढच्या घाण्याला धाग्यांना तेल थोडं जास्त लाव.
पकड जरा सैल हवी.
किती सैल, ते मलाही ठाऊक नाही,
एकवीस वर्षं विचारतोय.

सकाळचा नमुना पाण्यात ठेव.
महिनाभराने बघ,
रेघांत पांढरं काहीतरी भरत आलेलं असेल.
दुपारचे दोन तुकडे मी दाराशी लावलेत.
या इमारतीत वारा फार,
दार आपटतं.