ठाण

आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला म्हणतात,
ह्याला ठाण्याला पाठवा.
मी तर जन्मापासून ठाण्यातच.
मला कुठे पाठवणार?
म्हणून मला नुसतं म्हणायचे,
ठाण मांडून बस जरा.

नाही जमलं.

पाचपाखाडीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
डॉक्टर रेवा सामंतांकडे पोचले
तेव्हा सतरा मिनिटं उशीर झाला होता
आणि मी घरून निघाले होते तासभर आधी.
मधल्या वेळाचा हिशेब माझ्याकडे नाही.
फुटपाथवर एक बाई लाल माठ निवडत होती, एवढं आठवतं.
देठ एकीकडे, पानं एकीकडे,
किती सहज.

त्यांनी माझा फॉर्म वाचला, उलटवला.
मागेही नऊ प्रश्न होते.
मी पान उलटलंच नव्हतं.
सॉरी, सॉरी, म्हणत पेन शोधू लागले
(केसांतच खोचलेलं होतं)
तर म्हणाल्या, "राहू दे. हेही उत्तरच आहे."

मग पडद्यावर अक्षरं.
प्रत्येकाला बटण दाबायचं,
फक्त फुली आली की थांबायचं.
चौदा मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला एसीची पट्टी टकटकू लागली.
पाचव्याला वीजबिल आठवलं.
मग वाटलं, फुलीलाच का थांबायचं?
गणिताच्या वहीत फुल्याच फुल्या होत्या,
तेव्हा कुठे थांबले मी?
तोवर फुली येऊन गेली,
बोट दाबून मोकळं.

लहानपणाचा पुरावा हवा, म्हणाल्या.
माळ्यावरून प्रगतिपुस्तक काढलं.
इयत्ता पाचवी, चौबळ बाईंचं तिरकं अक्षर:
हेमांगी हुशार आहे, पण लक्ष नाही.
त्या "पण"मध्ये
मी एकतीस वर्षं राहते आहे.
भाडं भरते,
तेही उशिरा, दंडासकट.

पालकांसाठी वेगळा फॉर्म होता.
दादा अठ्ठ्याहत्तरचे. वागळे इस्टेटमध्ये
बेअरिंगची मापं तपासण्यात जन्म गेला,
केसाएवढा फरक चालायचा नाही.
टेबल पुसून, ओळीखाली पट्टी धरून
त्यांनी एकेक खूण केली.
वस्तू हरवते का? कधीच नाही.
कामं अर्धवट सोडते का? कधीच नाही.
ह्याच माणसाने मला
धांदरट, वेंधळी, पायाला भिंगरी, डोक्यात भुसा
एका दमात म्हटलेलं आहे,
तेही एका छत्रीपायी.

"दादा, हे खोटं आहे."
"असू दे. परक्या बाईपुढे
पोरीची गाऱ्हाणी सांगू का मी?"

"विसरते का" पुढे समासात लिहिलं होतं:
माझ्या गोळ्यांची वेळ एकदाही चुकलेली नाही.
त्यासाठी फोनवर सात गजर आहेत,
हे त्यांना ठाऊक नाही.

डॉक्टर निदान सांगत होत्या, मराठीत, सावकाश.
वाटलं होतं, रडू येईल.
मी मोजत बसले:
करपलेली पातेली, हरवलेली पासबुकं,
तीन नोकऱ्या, एक साखरपुडा.
सगळ्यांना आळस हेच आडनाव लावलेलं.
आता एवढ्यांची नावं बदलायची
तर गॅझेटात किती ओळी लागतील?
तेवढ्यात त्यांचं एक वाक्य निसटलं.
पुन्हा विचारलं.
पुन्हा सांगितलं त्यांनी.
चिडल्या नाहीत.

रात्री जेवताना दादांनी विचारलं, "काय निघालं?"
सांगितलं.
ते बराच वेळ आमटीत चमचा फिरवत राहिले.
मग म्हणाले, "तो कागद परत मिळेल?"
"कशाला?"
"एक खूण बदलायची आहे.
समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत..."
"नेहमी!" मी म्हटलं.
"हां," ते म्हणाले. "तिथे नेहमी कर.
ते मला आवडायचं."